यादीतील नाव आणि आदेशातील नाव

अमेरिकेत पेटंट, ट्रेडमार्क आणि व्यापारी दावे लढवणाऱ्या तरुण वकिलांच्या गौरवाची एक रीतसर व्यवस्था उभी राहिली आहे. वकिलांची क्रमवारी लावणाऱ्या 'सुपर लॉयर्स' या संस्थेतर्फे 'रायझिंग स्टार्स' ही यादी निघते. तिच्यासाठी वकिलाचे वय ४० किंवा त्याहून कमी असावे लागते, नाहीतर वकिलीला १० वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा लागतो. एखाद्या राज्यातील अडीच टक्क्यांहून अधिक वकिलांची नावे तिच्यात घेतली जात नाहीत. 'बेस्ट लॉयर्स' या तशाच दुसऱ्या संस्थेने २०२० मध्ये 'वन्स टू वॉच' ही तशीच यादी सुरू केली आणि तिची निवड समव्यावसायिकांच्या मतांवर होते. मुंबईत याच प्रकारच्या दाव्यांचे काम करत असल्यामुळे मी या याद्या लक्षपूर्वक वाचते, कारण नवख्या वकिलाचे कसब कोणी आणि कशावरून ओळखायचे, हा प्रश्न आपल्याकडेही तितकाच निकडीचा आहे.

बौद्धिक संपदेच्या दाव्यांत तो अधिक अवघड होतो. पेटंटच्या खटल्यात ज्युनिअर वकील महिनोन्महिने क्लेम चार्ट, म्हणजे पेटंटमधील प्रत्येक दावा वादातील वस्तूशी ताडून पाहणारा तक्ता, तयार करतो, पूर्वीचे संशोधन धुंडाळतो, तज्ज्ञ साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रातील प्रत्येक विधान तपासतो आणि विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराला विचारायच्या प्रश्नांची मांडणी करून देतो. एवढे झाल्यावर बहुतेक दावे सुनावणीपर्यंत न पोहोचता तडजोडीने मिटतात. व्यापारी गुपितांच्या दाव्यांत तर कागदपत्रे न्यायालयाच्या आदेशाने मोहोरबंद असतात. कित्येकदा ती फक्त वकिलांनीच पाहायची, पक्षकारानेही नाही, असे बंधन असते. ज्याचे उत्तम काम दाखवण्याची कायद्यानेच मनाई आहे, अशा वकिलाची गुणवत्ता बाहेरच्या माणसाला कळणार कशी? 'सुपर लॉयर्स'च्या १२ निकषांत निकाल आणि तडजोडी, पक्षकार, फर्ममधील स्थान, व्याख्याने व लेखन अशा गोष्टी येतात. त्यातील पहिल्या तीन बहुधा वरिष्ठाच्या खात्यावर जमा झालेल्या असतात. त्यामुळे मोठ्या फर्ममधील, परिषदांत वावरणारा तरुण लवकर दिसतो आणि लहान कार्यालयात एकट्याने मसुदे लिहिणारी तरुणी दिसत नाही, असे माझे मत झाले आहे. याद्या खोट्या असतात, असा याचा अर्थ नाही. त्या लौकिक मोजतात आणि पहिल्या दहा वर्षांत लौकिक कामाच्या बराच मागे असतो.

या याद्यांचा वाद न्यायालयापर्यंतही गेला होता. न्यू जर्सीच्या वकिली-जाहिरात समितीने २००६ मध्ये 'सुपर लॉयर्स' आणि 'बेस्ट लॉयर्स' या बिरुदांची जाहिरात करण्यास मनाई केली, कारण अशा बिरुदांतून एक वकील दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचे सूचित होते. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समितीचे ते मत रद्द केले. त्यानंतर बदललेल्या नियमांनुसार तुलना करणाऱ्या संस्थेचे नाव सांगणे आणि जाहिरातीला न्यायालयाची मान्यता नसल्याचे नमूद करणे बंधनकारक झाले. मला हा मार्ग समंजस वाटतो, कारण त्यात गौरवावर बंदी येत नाही आणि तो कोणी, कोणत्या आधारावर केला हे वाचकाला कळते.

परंतु त्याच देशातील एक दुसरी व्यवस्था मला या याद्यांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातील 'पेटंट ट्रायल अँड अपील बोर्ड' या पेटंटचे वाद व अपिले ऐकणाऱ्या मंडळाने २०२० मध्ये 'लीप' नावाचा उपक्रम सुरू केला. ज्या वकिलाने संघीय न्यायाधिकरणांपुढे तीन किंवा त्याहून कमी वेळा महत्त्वाचा युक्तिवाद केला आहे, त्याने युक्तिवादात भरीव वाटा उचलावा म्हणून त्याच्या पक्षाला साधारणपणे १५ मिनिटांपर्यंत वाढीव वेळ मिळतो. सोबतच्या अनुभवी वकिलाला त्याला साहाय्य करण्याची आणि एखादे विधान स्पष्ट करण्याची मुभा असते, त्यामुळे पक्षकाराचे हित धोक्यात येत नाही. 'ओरॅकल विरुद्ध गूगल' हा खटला चालवणारे न्यायाधीश विल्यम अल्सप यांनीही साक्षीदारांची तपासणी तरुण वकिलांना करू द्यावी, असे आग्रहाचे आवाहन आपल्या आदेशांतून केले होते. इथे गौरव हा पुरस्कार म्हणून नव्हे, तर संधी म्हणून येतो, आणि त्याचा पुरावा सुनावणीच्या नोंदीत कायमचा राहतो.

भारतात चित्र वेगळे आहे. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमाने वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही; २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता आणि कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहितीच देता येते. अधिवक्ता कायद्याच्या १६ व्या कलमाखाली मिळणारा 'ज्येष्ठ वकील' हा दर्जा अनेक वर्षांच्या वकिलीनंतरचा आहे. म्हणजे उमेदवारीच्या काळात अधिकृत म्हणता येईल अशी एकच खूण उरते, ती म्हणजे आदेशातील हजेरी, म्हणजे कोणाच्या वतीने कोण वकील हजर होते याची नोंद. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात सुरुवातीलाच ज्येष्ठ वकिलाचे नाव, 'सोबत' म्हणून ज्युनिअरांची नावे आणि सूचना देणाऱ्या सॉलिसिटर फर्मचे नाव येते. त्या ओळीतील 'सोबत'चे मोल ज्युनिअरच ओळखतो.

सर्वोच्च न्यायालयात मात्र ही हजेरी इतकी फुगली होती की एकेका पक्षातर्फे नावांची रांग लागत असे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रत्यक्ष उपस्थित राहून युक्तिवाद करणाऱ्या वकिलाची आणि त्याला साहाय्य करणाऱ्या एकाच वकिलाची नोंद व्हावी. न्यायालयाच्या आवारातील वकिलांच्या खोल्यांचे (चेंबरचे) वाटप आणि ज्येष्ठ वकिलाचा दर्जा यांसाठी हजेरी मोजली जाते, ही वकील संघटनांची अडचण त्याच प्रकरणात मांडली गेली होती. न केलेल्या कामावर नाव लागू नये, हे न्यायालयाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना ज्याने खरोखर रात्र जागवून मसुदा लिहिला, त्याच्यावरच त्या फुगवट्याने सर्वाधिक अन्याय होत होता. पण पेटंटच्या एखाद्या दाव्यात तांत्रिक बाजू एक जण सांभाळतो, पुरावा दुसरा आणि पूर्वनिर्णय तिसरा. तिथे 'एकच साहाय्यक' या मर्यादेत दोघे पुसले जातात.

यावर एक उपाय आपल्या हाताशी आहे. एप्रिल २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ रद्द झाले आणि पेटंट व ट्रेडमार्क कार्यालयांच्या आदेशांविरुद्धची अपिले उच्च न्यायालयांकडे आली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागही सुरू केला. यांतील बरीच अपिले एखाददुसऱ्या मुद्द्याची असतात. ट्रेडमार्कचा अर्ज कारणे न देता फेटाळला, सुनावणीची संधी दिली नाही, पेटंटमधील कल्पक पायरीचा, म्हणजे शोध त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा नाही ना याचा, विचारच केला नाही, असे ते मुद्दे असतात. ज्युनिअरने उभे राहून मांडावे, वरिष्ठाने शेजारी बसून ऐकावे, यासाठी यापेक्षा योग्य प्रकरणे सापडणार नाहीत. पाच वर्षांहून कमी वकिली झालेला वकील युक्तिवाद करणार असेल तर त्या अपिलाला निश्चित वेळ द्यावा आणि कोणता मुद्दा कोणी मांडला याची एका वाक्यात आदेशात नोंद घ्यावी. एवढ्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, उच्च न्यायालयाने आपल्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल काढलेले व्यवहार-निर्देश पुरेसे आहेत.