उतरताना घ्या

परवा भर दुपारी औषधाच्या दुकानात अठ्ठ्याण्णव रुपयांचं बिल झालं. मी शंभराची नोट दिली, तर काउंटरवरच्या पोरानं दोन रुपयांच्या बदल्यात दोन गोळ्या सरकवल्या. त्याही खोकल्याच्या नव्हेत, लिमलेटच्या. जन्म बँकेच्या नोकरीत गेल्यामुळे डोक्यात आधी कायदाच येतो: लिमलेट हे वैध चलन नाही. पण म्हणणार कुणाला? एक गोळी तोंडात टाकली नि निघालो.

सुट्ट्यांचं दुखणं जुनंच. त्यावरचा सगळ्यात चोख इलाज आमच्या लहानपणी एसटीच्या कंडक्टरकडे होता. मे महिन्यात आजोळी जाताना आई नोट पुढे करायची. तो चामडी पिशवीत हात घालून चिल्लर खुळखुळवायचा, मान हलवायचा, कानामागचं पेन काढून तिकिटाच्या पाठीवर १.७५ लिहायचा, त्याला गोल करायचा आणि पुढच्या सीटकडे सरकायचा. "उतरताना घ्या."

झालं! खिडकी मिळूनही माझं सगळं लक्ष त्या पावणेदोन रुपयांवर. मधल्या स्टँडवर कंडक्टर चहाला उतरला की पोटात गोळा. आई मात्र तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचून खुशाल पेंगायची. आणि गाव आलं की चार जण तिकिटं नाचवत दाराशी, नि तो एकेकाचा हिशेब मिटवतोय. सही नाही, शिक्का नाही, जामीनदार तर नाहीच. आज माझ्या टेबलावर येणाऱ्या कर्जाच्या फायलींवर पानोपानी सह्या असतात, तरी त्यातली काही बुडतातच.

आजी शेवटपर्यंत चार आणे, आठ आणेच म्हणायची. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे सरळ पंचवीस पैसे. पण एका आण्याचे सव्वासहा! तो पाव पैसा कुठे जिरला असं विचारलं, तर आजी म्हणाली, "दुकानदाराकडे. आणि कुठे?" अर्थशास्त्र ती शाळेत शिकली नव्हती.

पुढे ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी बाद झाली. आठ आणे मात्र कायद्यानं अजून चालतात, दहा रुपयांपर्यंतच्या देण्याला. म्हणजे पन्नास पैशांची वीस नाणी मोजून कोथिंबिरीची जुडी घ्यायचा मला पूर्ण हक्क आहे. भाजीवालीसमोर तो बजावायचा धीर मात्र होत नाही.

तिच्याकडेही आता क्यूआर कोड लटकतो. अठरा रुपये झाले की मोबाइलवरून अठराच जातात. पूर्वी विसाची नोट दिली की, "दोन रुपये सुट्टे नाहीत दादा," म्हणत ती मूठभर मिरच्या पिशवीत टाकायची. डिजिटल व्यवहारांचे फायदे मी स्वतः मीटिंगमध्ये सांगत असतो. त्यात मिरच्यांना रकाना नाही.

दहाच्या नाण्याची गंमत तर आणखी वेगळी. ती खोटी आहेत अशी आवई उठली, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की चौदाही प्रकारची नाणी चालतात. आम्ही ते काचेवर चिकटवलं. त्याच सुमारास एक म्हातारी फडक्यात दहाची नाणी बांधून शाखेत आली. गावातला दुकानदार घेत नाही म्हणाली. रोजगाराचे पैसे होते. मी पत्रक दाखवलं, वाचून दाखवलं, नाणी मोजून तिच्या हातावर नोटा ठेवल्या. तिनं त्या नीट घडी करून कनवटीला लावल्या आणि म्हणाली, "सरकारला ठाव हाय, तुमास्नी ठाव हाय. मग सोमवारी मला तेल का न्हाई दिलं त्यानं?"