आमची वाटचाल : वागळे इस्टेटच्या गाळ्यात जावरची चांदी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या गाळ्यात दगड कापण्याचे काम वडिलांच्या काळापासून चालत आले आहे. त्यांनी फरशी, ओटे आणि पायऱ्यांच्या दगडांवर व्यवसाय उभा केला. मी भूविज्ञानाची पदवी घेऊन आल्यावर त्याच यंत्रांच्या शेजारी महाविद्यालयांसाठी खडकांचे पातळ छेद तयार करण्याचे काम सुरू केले. खडकाची चकती काचेवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासली, की सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातून प्रकाश आरपार जातो. आमच्या परिसरातला खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. त्यात झिओलाइटचे देखणे स्फटिक सापडतात. चांदीचे किंवा शिशाचे धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढता येतो असे खनिज, मात्र सापडत नाही. त्यामुळे धातुकाचे काम आमच्याकडे बाहेरूनच येणार होते. ते आले उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या जावरहून, एका संशोधक विद्यार्थिनीने रीतसर परवानगीने आणलेल्या नमुन्यांच्या रूपाने. आमच्या पेढीची दिशा त्या कामाने बदलली.

जावरच्या खाणी अरवलीच्या डोंगरांत, टिडी नदीच्या खोऱ्यात आहेत. मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बारोई ही तिथली प्रमुख नावे. खनिज साठले आहे ते मुख्यतः डोलोमाइटमध्ये, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कार्बोनेटने बनलेल्या गाळाच्या खडकात. शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, या साठ्याचे वय सुमारे १७० कोटी वर्षे धरले जाते. आमचा बेसाल्ट त्याच्यापुढे अगदी अलीकडचा ठरतो. पुढे भूकवचाच्या हालचालींत हे थर दुमडले, दबले आणि तडकले, त्यामुळे खनिज कुठे बारीक कणांच्या रूपात विखुरलेले दिसते, तर कुठे फटींतून शिरांसारखे धावलेले दिसते. स्फॅलेराइट हे जस्ताचे सल्फाइड, म्हणजे गंधकाशी झालेले संयुग, गॅलेना हे शिशाचे, आणि सोबत लोखंडाचे सल्फाइड असलेले पायराइट. चांदी मुख्यतः गॅलेनाच्या सोबतीने येते. डोळ्यांना ती दिसत नाही, तरी जुन्या माणसांनी तिचा माग गॅलेनाच्या शिशासारख्या चकाकीवरून काढला.

हे धातुक अपारदर्शक असल्यामुळे पातळ छेदाची पद्धत इथे उपयोगी पडत नाही. तुकडा रेझिनमध्ये बसवून त्याचा एकच पृष्ठभाग आरशासारखा करावा लागतो आणि परावर्तित प्रकाशात तो वाचावा लागतो. अडचण अशी, की एक ते दहाच्या मोह्स मोजपट्टीवर गॅलेनाचा कठीणपणा जेमतेम अडीच, डोलोमाइट आणि स्फॅलेराइटचा साडेतीन ते चार, तर पायराइटचा सहाच्या वर. एकाच दाबाने घासले तर पायराइट उंचवट्यासारखा वर राहतो आणि मऊ गॅलेना ओरबाडला जातो. आमच्या जुन्या कारागिरांनी फरशीच्या पॉलिशमध्ये कमावलेला हात इथे कामी आला. शेवटच्या टप्प्यात हिऱ्याची बारीक पेस्ट, नरम कापड आणि अगदी हलका दाब, अशी पद्धत त्यांनी बसवली. चांगल्या उतरलेल्या ठोकळ्यात गॅलेना पांढराशुभ्र चमकतो आणि त्याच्या पृष्ठभागावर लहान त्रिकोणी खड्डे दिसतात. गॅलेना तीन काटकोनी दिशांनी फुटतो, त्यामुळे पॉलिश करताना निघालेल्या कणांच्या जागा त्रिकोणी राहतात. शेजारचा स्फॅलेराइट करडा असतो. हे त्रिकोण मला आजही तितकेच सुंदर वाटतात. या कामासाठी आम्ही कर्ज काढून वेगळे पॉलिशिंग यंत्र घेतले, आणि फरशीच्या कामाचा पसारा हळूहळू आवरता घेतला.

नमुन्यांबरोबर जावरचा इतिहासही आमच्या गाळ्यात आला. ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉड यांनी आपल्या राजस्थानच्या इतिहासात जावरच्या चांदीच्या खाणींचे श्रेय चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात गादीवर आलेल्या मेवाडच्या महाराणा लाखा यांना दिले आहे. लाखांच्या काळात खाणींना नवा जोम आला असेलही, पण जुन्या कामांत सापडलेल्या लाकडांच्या रेडिओकार्बन तपासणीने त्या खाणी दोन हजार वर्षांहून जुन्या असल्याचे दाखवले. खडकाच्या तोंडाशी लाकडे पेटवायची, तापून तो तडकला की छिन्नी-हातोड्याने सोडवायचा, ही त्या खाणकामगारांची रीत होती. अशा कामाने गुहेच्या भिंती वाटोळ्या होतात आणि त्यांवर काजळी धरते. गॅलेना भाजून आणि वितळवून शिसे काढले, की चांदी त्या शिशातच उतरते. मग ते शिसे हवेच्या झोतात तापवले असता त्याचे मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड होते, ते हाडांच्या राखेच्या मुशीत मुरते आणि चांदीचा मणी मागे उरतो. चांदीचा कस पाहणाऱ्या प्रयोगशाळांना हीच क्रिया आजही परिचयाची आहे. राजस्थानातीलच आगुचा येथे मौर्यकाळात शिसे आणि चांदी काढल्याचे पुरावे आहेत. म्हणजे जावर एकटे नव्हते.

जावर जगभर प्रसिद्ध झाले ते मात्र जस्तामुळे. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, आणि धातुकातून ते सुटते तेव्हा त्याहून अधिक उष्णता असल्याने त्याची वाफच निघते. ती हवेला लागताच पुन्हा ऑक्साइड बनते. जावरच्या कारागिरांनी यावर वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी वापरल्या. नळी जोडलेल्या छत्तीस मुशी एका भट्टीत उभ्या राहत, वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरे आणि तिथे जस्त जमे. १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांच्या संयुक्त शोधकार्यात अशा भट्ट्या जागच्या जागी आढळल्या. १९८८ मध्ये अमेरिकेच्या धातुतज्ज्ञांच्या संस्थेने, एएसएमने, जावरला ऐतिहासिक धातुकर्मस्थळाचा मान दिला. वापरून टाकलेल्या मुशींचे तिथे ढीगच्या ढीग आहेत. जुन्या वस्तीतल्या घरांच्या भिंतीही त्याच मुशींनी रचल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुष्काळ आणि अस्थिरतेत हे काम बंद पडले.

माझे स्पष्ट मत आहे, की जावरची ओळख केवळ जस्तावर थांबवणे त्या डोंगरावर अन्याय करणारे आहे. जस्ताची कला तिथे फुलली, त्याच्या कित्येक शतके आधीपासून माणसे शिशा-चांदीच्या शोधात तो डोलोमाइट आतून ओळखत होती. आमच्याकडे येणारे विद्यार्थी बोलिव्हियातल्या चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या पोतोसीचे नाव जाणतात, मात्र जावरचे त्यांना नवे असते. म्हणून महाविद्यालयांसाठीच्या संचात आम्ही बारोईचा शिसेबहुल आणि मोचियाचा जस्तबहुल ठोकळा शेजारी शेजारी ठेवतो, आणि सोबतच्या पत्रकात दोन्हींमधील गॅलेनाची जागा खुणेने दाखवतो. चांदी ज्याच्या सोबतीने येते ते खनिज आधी डोळ्यांना ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू आहे. हे संच आम्ही सरकारी आणि ग्रामीण महाविद्यालयांना खर्चाच्या किमतीत देतो, आणि तो भार खासगी सर्वेक्षणाच्या कामांतून भरून काढतो. शिसे गाळल्यावर उरलेल्या जुन्या मळीचा छेदही संचात यावा अशी इच्छा आहे. परंतु ती पुरातत्त्वाची वस्तू असल्याने संबंधित खात्याची परवानगी हाती येईपर्यंत आम्ही तिला हात लावणार नाही.