चिनी गाणं पेटीवर, नोंद 3: टिंबं, रेघा आणि दोन 'च'

गाणं तेच चालू आहे: 'युएल्याङ तायप्याओ वो त शिन', म्हणजे 'चंद्र सांगेल माझ्या मनातलं'. चाल वंग छिङशी यांची, शब्द सुन यी यांचे. 1973 मध्ये ते आधी छन फन्लाननं गायलं, पण लोकांच्या कानात बसलंय ते तैवानच्या तेरेसा तेंगचं 1977 चं. मुखडा बसला. मधला भाग अजून घसरतो.

आधी स्वरलिपी. चिनी गाण्यांची पुस्तकं आकड्यांत छापतात, त्याला च्येनफू म्हणतात. 1 ते 7 म्हणजे सा ते नी, सगळे शुद्ध. 0 म्हणजे विराम. आकड्यावर टिंब तार सप्तक, खाली टिंब मंद्र. भातखंडे पद्धत (हिंदुस्थानी संगीताची स्वरलिपी) हाताखालून गेलेल्याला इथवर घरचंच वाटतं, आणि म्हणूनच पुढे पाय घसरतो. भातखंड्यांत स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल; इथे तीच रेघ म्हणजे काळ निम्मा. गाण्याच्या पहिल्याच ओळीत रेघेचा 3 येतो. तो कोमल गंधार वाजवला की गाणं एकदम रडकं होतं. आकड्याच्या उजवीकडचं टिंब मात्र दीडपट काळ दाखवतं, त्याचा सप्तकाशी संबंध नाही.

पहिली ओळ अशी: प़ | सा ग प सा | नि़ ग प. सा दीड मात्रा, ग अर्धी, प दीड, सा अर्धी. पुढे नि़ दीड, ग अर्धी. पहिला प़ समेच्या आधी अर्ध्या मात्रेवर उठतो. ओळीचा पहिला शब्द 'नी', तो समेवर टाकला की अख्खी ओळ पुढे सरकते. सम पुढच्या शब्दावर, 'वन'वर आहे. फोटोकॉपीत प़ खालचं टिंब बहुतेक वेळा उडालेलं असतं. मग सुरुवात मधल्या पंचमावरून होते आणि चाल चढण्याऐवजी उतरते. तसं झालं तर पान तपासा, गळ्याला दोष देऊ नका.

पट्टी निवडताना मंद्र पंचम आणि तार षड्ज दोन्ही गाऊन बघा, तेवढा पल्ला लागतो. खालचा पंचम पुटपुटल्यासारखा झाला तर पट्टी एका स्वरानं वर घ्या.

आता उच्चार. इथे देवनागरीचा खरा फायदा आहे, फक्त रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचायची नाहीत. चिनी रोमन लिपीतलं 'बी' म्हणजे आपला प, 'डी' म्हणजे त, 'जी' म्हणजे क. 'पी', 'टी', 'के' म्हणजे फ, थ, ख. फ ओठ मिटून, फळातला, फोनमधला नाही. म्हणून 'तायप्याओ', 'दायब्याओ' नव्हे. ओठांपुढे कागदाची बोटभर पट्टी धरा: 'प्याओ'ला ती हलता कामा नये, 'फ्याओ'ला उडली पाहिजे.

गायिकेचं आडनावच याचा नमुना आहे. तेंग आणि चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांच्यातलं डेंग हे एकच आडनाव, उच्चार 'तङ'. दोन रोमन पद्धतींनी त्याची दोन केली. तिच्या कॅसेटच्या नकला चीनच्या मुख्य भूमीवर हातोहात फिरू लागल्या, तेव्हा लोक म्हणायचे: दिवसा थोरला तङ ऐकायचा, रात्री धाकटी.

दोन 'च' मराठीत आयतेच आहेत. रोमन 'जे' म्हणजे चिमणीतला च, 'झेड' म्हणजे चमच्यातला. लिहिताना दुसऱ्याखाली नुक्ता द्या (च़), नाहीतर आठवड्यानं आपलंच अक्षर आपल्याला फसवतं. शेवटचा न आणि ङ वेगळे ठेवा: 'शिन' म्हणजे मन, 'शिङ' म्हणजे तारा. सूरभेदाची (टोनची) चिंता गाताना सोडून द्या, मँडरिन गाण्यात चालच जिंकते. कँटोनीजमध्ये तसं चालत नाही, तिथे गीतकार चालीच्या चढउताराला जुळणारेच शब्द बसवतात.

आवाज लावताना मुरक्या आवरा. इथली गंमत श्वास मिसळलेल्या हलक्या आवाजात आहे, मायक्रोफोन ओठांपासून चार बोटांवर. जोर दिला की नाट्यगीत होतं. या श्वासाच्या आवाजावरूनच चीनमध्ये केवढा गदारोळ झाला होता! गायिका ली कूयीचं 'श्याङल्येन' हे गाणं 1979 च्या शेवटी टीव्हीवर आलं आणि तसा आवाज लावल्याबद्दल तिच्यावर टीकेची झोड उठली. 1983 च्या वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) टीव्ही कार्यक्रमात प्रेक्षकांनी फोन करकरून ते पुन्हा गायला लावलं.

बाकी काम: मधल्या भागात ओळी लांबतात आणि श्वास शब्दाच्या मध्येच तुटतो. पेटीशिवाय, नुसत्या टाळीवर, मिनिटाला 60 मात्रांनी तो भाग म्हणायचा. श्वासाच्या जागी पेन्सिलीनं खूण. सगळ्या ओळी खुणेवरच तुटू लागल्या की मग पेटी.