सकाळी नऊचा विधी

इंग्लंडमध्ये एखादा माणूस एकटा गेला, मागे कोणी नाही, किंवा आहेत पण त्यांना जबाबदारी घ्यायची नाही, गाठीला पैसाही नाही, तर त्याचं शेवटचं सगळं तिथल्या काउन्सिलला, म्हणजे स्थानिक नगरपालिकेला, करावंच लागतं. १९८४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचं ४६ वं कलम तसं सांगतं. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर बहुधा रुग्णालयच ते बघतं.

हे कलम मुळात रोगराई आटोक्यात ठेवण्याच्या कायद्यातलं. म्हणजे कायद्याला काळजी एवढीच, की मृतदेह पडून राहू नये. पण हे काम करणारी माणसं त्यापलीकडे किती करतात ते लेस्टरला आल्यावर मी जवळून पाहिलं, आणि तेच बडोद्याच्या मंडळींना सांगायचं आहे.

सगळ्यात मोलाचं काम अंत्यविधीच्या आधी होतं. दोन अधिकारी मिळून त्या घरात जातात. मृत्युपत्र, बँकेचे कागद, फोन नंबरांची वही, नाताळची कार्डं, जुन्या पाकिटांच्या मागचे पत्ते, सगळं बघतात. पैसे निघाले तर खर्च त्यातून वळता होतो; त्यानंतर काही उरलं आणि वारस सापडलाच नाही, तर ते सरकारजमा. पण कागदांइतकंच लक्ष भिंतींकडेही असतं. दहन त्या माणसाच्या इच्छेविरुद्ध असेल असं मानायला जागा असेल, तर काउन्सिलला दहन करता येत नाही. त्यामुळे खुंटीवरची जपमाळ, कपाटातला क्रूस, स्वयंपाकघरातल्या फळीवरचा देव, हे सगळं तिथे पुरावा ठरतं. परक्या माणसाच्या घरात उभं राहून ‘याला काय आवडलं असतं?’ असं कोणीतरी स्वतःला विचारतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अशाच एका घरात गुजराती संत जलारामबापांची तसबीर आणि गुजराती पत्रांचा गठ्ठा निघाला, म्हणून अधिकारीबाईंनी आमच्या मराठी मंडळाकडे विचारणा केली. बडोद्यात वाढलेलीला गुजराती काय, घरचंच. मी पत्रं वाचून दिली. त्या घरात एकटेच गेलेल्या काकांना १९७२ साली युगांडा सोडावा लागला होता. इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा लेस्टरच्या काउन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्या गावात जागा नाही, येऊ नका. तरी हजारो लोक इथेच आले आणि त्यांनी हे शहर उभं केलं. ज्या शहराने येऊ नका म्हटलं होतं, त्याच शहराची एक अधिकारीबाई पन्नासहून जास्त वर्षांनी काकांच्या बहिणीचा पत्ता शोधत बसली होती. पत्रांवरच्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हतं. बहीण सापडली नाही.

दहनाला सकाळी नऊची वेळ मिळाली. दिवसाची पहिली वेळ सहसा कोणाला नको असते, म्हणून ती स्वस्त पडते. साधी पेटी, साधी गाडी. आम्ही विनंती केल्यावर पेटीत तुळस आणि गंगाजल ठेवलं गेलं. एक गुजराती भजन म्हटलं. इथे मुखाग्नीच्या जागी बटण असतं. ते कोणी दाबायचं असा प्रश्न आला तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघींनी मिळून दाबलं. सगळीकडे असं होत नाही. काही काउन्सिलांत विधीच नसतो, कोणाला हजर राहता येत नाही, नंतर फक्त राख मिळते. हे मला मुळीच पटत नाही.

आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, ‘आणि पिंडाचं काय?’ तिने फोन काकांकडे दिला. दांडिया बाजारातल्या आमच्या काकांना ओळखणारे बरेच जण हे वाचत असतील. सयाजी रुग्णालयातून बेवारस देह खासवाडीच्या स्मशानात पोचवायला काका आणि त्यांचे मित्र वर्षानुवर्षं जात आले आहेत. पोलिसांचा पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, कोणी ओळख पटवायला येतं का याची वाट बघितली जाते, आणि मग यांना निरोप येतो. खांद्यांची कमतरता तिथे कधी पडली नाही. नाव मात्र बऱ्याचदा माहीत नसतं. इथे नाव, जन्मतारीख, सगळं कागदावर असतं, आणि खांदा द्यायला माणूस नसतो.

काका म्हणाले, ‘नाव आहे ना? मग झालं. गोत्र माहीत नसेल तर कश्यप धरायचं. सर्वपित्रीला चांदोदला धर्मपिंड देतो तेव्हा त्यांचंही नाव घेईन.’ तर्पणात ‘येऽबान्धवा बान्धवा वा’ म्हणतात, ज्यांचं कोणी नाही त्यांनाही पाणी पोचो. काका ते नुसतं म्हणून थांबत नाहीत, म्हणून मला त्यांच्याबद्दल एवढा आदर आहे.

पण काकांचे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि त्यांच्या मित्रांतले दोघं गेले. पुण्य म्हणून होणारं काम माणसं थकली की थकतं. २००२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बेघर मृतांचाही धर्माप्रमाणे, सन्मानाने अंत्यसंस्कार होण्याचा हक्क मान्य केला आहे. त्या हक्कासाठी गावात एक टेबल हवं, त्यावर पगारी माणूस हवा, आणि मेलेल्याच्या खिशातली चिठ्ठी वाचायला त्याला वेळ हवा. काकांसारखी माणसं त्याच्या जोडीला असली तर यासारखं दुसरं काही नाही.

युगांडाहून आलेल्या त्या काकांच्या अस्थी आम्ही बॅरो गावापाशी सोअर नदीत सोडल्या; तिथे हिंदू आणि शीख कुटुंबांसाठी बोटीची सोय आहे. मंडळाने आता काउन्सिलला कळवून ठेवलं आहे, की मराठी, गुजराती, हिंदी, कुठलीही भाषा असो, बोलवा, आम्ही येऊ. येत्या गुरुवारी दीवहून पोर्तुगालमार्गे इथे आलेल्या एका बाईंचा विधी आहे. वेळ नऊचीच. लेस्टरमध्ये किंवा जवळपास कोणी बडोदेकर असेल तर या. मंडळाच्या फोनवर निरोप ठेवलात तर गाडीत जागा धरून ठेवते.