दुसरी सही परक्याची हवी

इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोवेकर एवढे आहेत की शनिवारी संध्याकाळी फुटसालचे, म्हणजे हॉलमधल्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलचे, दोन संघ सहज जमतात. मुलंही येतात. अडचण एकच, हॉलचं भाडं. नोव्हेंबरात इथे साडेचारला काळोख आणि मैदानाचा चिखल, त्यामुळे शाळेचा लाकडी फरशीचा हॉल सगळ्यांनाच हवा असतो. शेवटी अनुदान मागायचं ठरलं आणि ‘तुझं इंग्लिश बरं’ म्हणून अर्ज माझ्या गळ्यात पडला.

पहिलीच अट वाचून डोकं फिरलं. क्लबच्या बँक खात्यावर किमान दोघांच्या सह्या, आणि त्या दोघांचं एकमेकांशी नातं नको. रक्ताचं नको, लग्नाचं नको, एका पत्त्यावर राहणारेही नकोत. आमचा अध्यक्ष आणि खजिनदार साडू, सचिव अध्यक्षाचा मावसभाऊ. डिचोलीकडच्या कुठल्याही वाड्यावर विचारा, समिती अशीच असते. घरचा माणूस म्हणूनच तर त्याच्या हातात चावी देतात! आम्ही काय चोर आहोत, असंच मनात आलं.

राग दोन दिवसांत उतरला, कारण गावचा क्लब आठवला. भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, वाटणीवरून दोन घरांत बोलणं बंद झालं आणि क्लबची ढाल, जाळी, चेंडू सगळं एका घराच्या माळ्यावर अडकलं. चोरी कोणीच केली नव्हती. नात्यातलं भांडण क्लबात शिरलं, एवढंच. इथल्या अर्जाला हे आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं. क्लबची घटना, म्हणजे लेखी नियमावली, मागतात, आणि तिच्यात क्लब बंद पडला तर उरलेले पैसे नि सामान तशाच दुसऱ्या संस्थेला जाईल, सभासदांत वाटलं जाणार नाही, हे कलम लागतं. जन्माआधी तेराव्याची तजवीज म्हणा हवं तर. पण मला ते कलम फार आवडलं.

पैसा येतो कुठून? आम्ही अर्ज केला तो नॅशनल लॉटरीच्या ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ योजनेत, ३०० ते २०,००० पौंडांपर्यंत. लॉटरीच्या तिकिटांतून मुलांचे खेळ. मांडवीत कॅसिनोच्या बोटी बघत वाढलेल्याला यात नवल वाटू नये. मैदान नाहीतर गोलपोस्टसाठी मागायचं तर फुटबॉल फाउंडेशन आहे, २००० सालचं; प्रीमियर लीग, एफए ही इंग्लंडची फुटबॉल संघटना आणि सरकार मिळून चालवतात. मात्र लॉटरीवाले झालेल्या खर्चाचे पैसे देत नाहीत. आधी हॉल घेऊ, मग बघू, हा आपला खाक्या इथे चालत नाही. किती सामने जिंकलात हेही कोणी विचारत नाही. विचारतात, तुमच्याकडे कोण येत नाही, आणि त्यांना कसं आणाल? आमच्याकडे मुली येत नव्हत्या. ते कागदावर लिहितानाच पहिल्यांदा बोललं गेलं.

शाळांची गोष्ट मात्र जिव्हारी लागते. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांना २०१३पासून खेळासाठी वेगळा निधी मिळत आलाय: २०१७पासून बहुतेक शाळांना वर्षाला १६,००० पौंड, वर मुलामागे १० पौंड. तो कशावर खर्चला ते शाळेला वेबसाइटवर टाकावं लागतं. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत आपल्या सरकारी शाळेला खेळसाहित्यासाठी प्राथमिकला ५,०००, माध्यमिकला फार तर २५,००० रुपये. गुणाकार करायची खोड जात नाही. पण आपल्या हायस्कुलात पीई मास्तर असतो. इथे प्राथमिक शाळेत बहुधा वर्गशिक्षिकाच तो तास घेते. आणि फुटबॉलला २०१२ साली राज्यखेळ करणारे आपण. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक कुठल्या अर्जावर घडला? धेंपो, साळगावकर ही खाणवाल्यांची घराणी होती, त्यांनी संघ पोसले. खाणी २०१२त थांबल्या आणि २०१६त दोन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले, हेही खरंच.

गावच्या काकांना अर्जाचं सांगितलं तर म्हणाले, “तुमच्याकडे आमदार नाही का रे?” त्यांचंही चूक नाही. आमदाराचा फोटो जर्सीवर छापला की आठवड्यात पैसे. मीही दरवर्षी जर्सीला पैसे पाठवतो; समितीत बसून भांडण्यापेक्षा ते सोपं, आणि ते काही कमी नाही.

पण गावी पावसाळ्यात शेतातलं मैदान चार महिने पाण्याखाली असतं. तेव्हा इनडोअर हॉल, नियमित सराव, शाळेची मुलं, एवढं हवं तर सीएसआर आहे, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा. २०१३च्या कंपनी कायद्यात खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं. एकदाची स्पर्धा बसत नाही. म्हणजे आपली गावोगावची ‘ऑल गोवा’ टुर्नामेंट बाद, वर्षभराचा सराववर्ग चालेल. संस्था नोंदणीकृत हवी, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला हवा.

हे सगळं मी चुलतभावाला लिहून पाठवलं, वर खजिनदार नात्याबाहेरचा घ्या असंही. “वाड्यावर नात्याबाहेरचा आणू कुठून?” मी पलीकडच्या वाड्यावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंचं नाव सुचवलं.

“त्यांना फुटबॉलमधलं काय कळतं?”

काही नाही कळत. म्हणूनच सुचवलं.