तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नाइट्स इन द नाइटमेअर’ भारी की डोकेदुखी?

मोठ्या भावाचा नाहीतर मामाचा जुना डीएस किंवा पीएसपी (हातात धरून गेम खेळायची यंत्रं) हाती लागलेली कोल्हापूरच्या राजारामपुरीतली, विद्यापीठाच्या हॉस्टेलवरची पोरं आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘नाइट्स इन द नाइटमेअर’चे जुने रिव्ह्यू काढले की एक म्हणतो, असला गेम पुन्हा झाला नाही, दुसरा म्हणतो, स्क्रीनवर काय चाललंय तेच कळत नाही. मग घ्यायचा की नाही?

दोघंही खरं सांगतात, आणि बहुतेक वेळा एकाच गोष्टीबद्दल सांगतात. एकाला जे आवडलं त्याचाच दुसऱ्याला वैताग आला. त्यामुळे सरासरी गुण बघून या गेमबद्दल काही हाती लागत नाही. गेम चालतो कसा हे कळलं, की रिव्ह्यूतलं प्रत्येक वाक्य कुठून आलं तेही कळतं.

हा गेम जपानच्या स्टिंग कंपनीचा. सप्टेंबर 2008 मध्ये तो जपानात निंटेंडो डीएसवर आला, जून 2009 मध्ये अॅटलसने अमेरिकेत काढला आणि 2010 मध्ये पीएसपीवरही आला. ‘रिव्हिएरा’ आणि ‘यग्द्रा युनियन’ यांच्याच ‘डिपार्टमेंट हेवन’ मालिकेतला. ते दोन खेळलेल्यांना स्टिंगची खोड माहीत असते: रोल-प्लेइंग गेमचा, म्हणजे एक पात्र घेऊन त्याला बळकट करत नेण्याच्या गेमचा, नेहमीचा साचा घ्यायचा आणि त्यातला मधलाच खांब काढून टाकायचा.

इथं काढलेला खांब म्हणजे तुमचं पात्र. राजाचा खून झालाय आणि त्याचा आत्मा एक लुकलुकता ठिपका होऊन फिरतोय. तो ठिपका, म्हणजे विस्प, तुमच्या स्टायलसच्या, म्हणजे टचस्क्रीनवर टेकवायच्या काडीच्या, टोकाखाली असतो. लढणारे सगळे मेलेले सरदार. विस्प जवळ नेला की ते जागे होऊन वार करतात. शत्रू सरदारांना हातही लावत नाहीत. त्यांच्या सगळ्या गोळ्या विस्पवर येतात. म्हणजे एका हातानं डावपेचांचा खेळ मांडायचा आणि त्याच हातानं गोळ्या चुकवायच्या. त्या काळच्या डीएसवर टर्न घेत, चहा पीत खेळायच्या गेमांची रेलचेल होती. तिथं हा प्रकार नवा होता. ‘नवं आहे’ हे कौतुक बऱ्याच इंग्रजी रिव्ह्यूंत सापडतं ते यामुळे, आणि एकंदर कौलही अनुकूलच होता.

आता गोंधळ कुठून येतो ते बघा. प्रत्येक टर्नला ठरावीक सेकंद मिळतात, पण घड्याळ सारखं पळत नाही. सरदाराला वारासाठी चार्ज करताना, म्हणजे त्याच्यात जोर भरताना, ते पळतं आणि गोळी लागली की त्यातले सेकंद कापले जातात. म्हणजे तुमचं आयुष्य आणि तुमचा वेळ हे एकच खातं आहे. रिकाम्या हातानं वार केला तर शत्रूला फारसं काही होत नाही, पण त्याच्यातून रत्नं उडतात. ती विस्पनं गोळा केली की एमपी, म्हणजे शस्त्रासाठी खर्चायची शक्ती, मिळतात. खरी इजा करायची तर कोपऱ्यातलं शस्त्र उचलून सरदारावर आणायचं आणि तेच एमपी खर्चायचे. त्यावर लॉ आणि केऑस असे लढाईचे दोन फेज, म्हणजे अवस्था. फेज बदलला की सरदाराच्या वाराची दिशा आणि पल्ला बदलतो, आणि कुठलं शस्त्र चालणार तेही बदलतं.

इतकं करून नुसतं शत्रू मारणं पुरत नाही. मारलेल्या शत्रूंची घरं एका तक्त्यावर भरतात आणि तिथं ओळ जुळली तरच स्टेज संपतो. पुढच्या टर्नला कुठले शत्रू येणार हे फिरत्या चक्रावर थांबवून ठरवायचं. टर्नची संख्या मर्यादित. ओळ जुळण्याआधी ती संपली तर गेम ओव्हर. नवा खेळाडू बहुधा इथंच अडकतो. त्याला वाटतं, इतके शत्रू मारले म्हणजे आपण जिंकतोय. पण मारलेले शत्रू तक्त्यावर विखुरलेले असतात.

सगळ्यात वादग्रस्त गोष्ट म्हणजे सरदारांची व्हिटॅलिटी, म्हणजे उरलेली प्राणशक्ती. शस्त्रानं वार केला की ती कमी होते आणि संपली की तो सरदार कायमचा जातो. आवडत्या एकाला वाढवत राहायचं ही रोल-प्लेइंग खेळाडूची जुनी सवय इथं घात करते. कुणी लिहिलं की यामुळे प्रत्येक वाराला वजन येतं. कुणी लिहिलं की गेम मेहनतीची शिक्षा देतो. आमचं मत पहिल्या बाजूचं. गेमची कथाच मेलेल्यांना पुन्हा वापरण्याची आहे, आणि त्यांचा साठा संपत जाणं हा तिचाच भाग. शिवाय ‘ट्रान्ससोल’ची सोय आहे: एका सरदाराचा आत्मा दुसऱ्यात विलीन करून दुसऱ्याला बळ द्यायचं. विझत आलेला सरदार तसाच संपू देण्यापेक्षा वेळेत विलीन करणं शहाणपणाचं. तरीही हे सगळं नवख्याला आपसूक कळेल अशी मांडणी गेमनं केलेली नाही, ही तक्रार आम्हालाही मान्य आहे.

शिकवणीच्या धड्यांबद्दलची तक्रार तर शंभर टक्के रास्त. धडे आहेत, भरपूर आहेत, आणि तोच त्रास आहे. तालमीत पोराला मातीत उतरवण्याआधी डावांची अख्खी यादी पाठ करायला लावली तर ते दुसऱ्या दिवशी येईल का? काही समीक्षक तिथंच दमले आणि ते त्यांच्या गुणांत उतरलं. त्यात रिव्ह्यू गेम बाजारात येण्याच्या सुमाराला छापायचा असतो. ज्या गेमची खुमारी कित्येक तासांनी कळते, त्याचं या घाईत नुकसान होतंच.

म्हणून सगळे धडे एका बैठकीत वाचू नका. सोपी लेव्हल निवडा. त्यात कमीपणा काही नाही. पहिल्या स्टेजला एक-दोन टर्न वारच करू नका, नुसता विस्प फिरवा. कुठला शत्रू गोळ्या कशा सोडतो ते डोळ्यांत बसलं पाहिजे. मग रिकाम्या हाताचे वार आणि रत्नं गोळा करणं, एवढंच. रत्नांच्या मागे गोळ्यांत घुसायचा मोह होतो. दोन रत्नांसाठी काही सेकंद गेले तर तो तोट्याचा सौदा. एमपी साठले की शस्त्र, आणि तेही तक्त्यावर ओळ पूर्ण करणाऱ्या शत्रूवरच. फेज बदलणं सगळ्यात शेवटी शिका. हा क्रम उलटा झाला की ‘काहीच कळत नाही’वाला रिव्ह्यू तुमच्याही तोंडून निघेल. आणखी एक: नवे सरदार मिळवायला त्यांची-त्यांची खास वस्तू द्यावी लागते. ती कधी दुसऱ्याच स्टेजमधली एखादी वस्तू फोडून मिळते, म्हणून जमेल तिथं फोडत चला. स्टेजच्या आधीचे प्रसंगही भराभर पुढं ढकलू नका. कुणाला काय हवंय याचा सुगावा तिथंच लागतो. कथा मागे-पुढे उड्या मारत सांगितली आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना ती तुटक वाटली. वस्तूंचा माग काढत खेळलं की ती आपोआप जुळते.

रिव्ह्यू वाचताना तो डीएसचा आहे की पीएसपीचा हे आधी बघा. डीएसवर विस्प म्हणजे स्टायलसचं टोक, मनात आलं की तिथं पोचलं. पीएसपीला टचस्क्रीन नाही, त्यामुळे विस्प अॅनालॉग नबनं, म्हणजे अंगठ्यानं हलवायच्या बटणानं, सरकवावा लागतो. चित्र रुंद आणि देखणं दिसतं, पण कोपऱ्यातून शस्त्र आणून सरदारावर टाकायची चपळाई तशी राहत नाही. जुन्या पीएसपीचा नब झिजून आपोआप एका बाजूला सरकत असेल तर हा गेम त्यावर खेळूच नका. इतर गेमांत खपून जाणारा दोष इथं प्रत्येक टर्नला सेकंद खातो. डीएसवरही टचस्क्रीन आधी सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेट करून घ्या. स्क्रीनगार्डखाली हवेचा फुगा राहिला असेल तर तो काढा, नाहीतर स्टायलस एकीकडे आणि विस्प दुसरीकडे. डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएसवर खेळत असाल तर गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरा, म्हणजे चित्र ताणलं न जाता मूळ आकारात दिसतं. केएमटीच्या बसमध्ये बसून मात्र खेळायच्या भानगडीत पडू नका. एक खड्डा, एक हिसका, आणि विस्प थेट गोळ्यांच्या झोतात.

बसमध्ये खेळायला दुसरा एक तऱ्हेवाईक गेम आहे. त्याचा कौल वेगळ्या कारणानं विभागला गेला, म्हणून त्याचंही सांगून टाकतो. ‘हाफ-मिनिट हीरो’, 2009, पीएसपी. खलनायक तीस सेकंदांत जग संपवणारा मंत्र म्हणणार, तेवढ्यात आपल्या पात्राची लेव्हल, म्हणजे ताकद, वाढवून त्याला गाठायचं. लढाया आपोआप होतात. काळाच्या देवीला सोनं दिलं की घड्याळ पुन्हा तीसवर येतं, आणि दर खेपेला तिचा भाव वाढतो. लेव्हल प्रत्येक स्टेजला शून्यापासून, मिळवलेली साधनं मात्र टिकतात. हे समजायला कुणाला धडा लागत नाही. तक्रार आली ती सोबत दिलेल्या इतर प्रकारांवर. त्यात राजकन्येचा नेमबाजीचा खेळ आहे, खलनायकाचा सैन्य लढवण्याचा आहे. मुख्य भागाइतकी मजा त्यांत नाही, असं बहुतेकांनी लिहिलं आणि ते पटतं. एकाच गेमला ‘अफलातून’ आणि ‘फार काही नाही’ असे दोन्ही शेरे मिळू शकतात, आपण कुठला भाग खेळतोय त्यावर. हा गेम पुढं पीसीवरही आला, त्यामुळे जुनं यंत्र नसलं तरी अडत नाही.

गुणांबद्दल थोडं. रिव्ह्यूंचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या वेबसाइटचा आकडा साधी सरासरी नसतो; ते काही प्रकाशनांना जास्त वजन देतात, आणि कुणाला किती ते सांगत नाहीत. अक्षरी श्रेणी शंभरात बदलताना ‘बी’चे 75 होतात आणि ‘बी-मायनस’चे 67. गेमच्या बाबतीत 75 आणि त्यावर हिरवा रंग, 50 ते 74 ला पिवळा. लिहिणाऱ्यानं ‘बरा आहे, थोडं अडतं’ म्हणून दिलेली श्रेणी अशी रंग बदलून बसते. ‘फामित्सू’ या गेमवरच्या जपानी नियतकालिकात चार जण प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज 40 पैकी येते, मजकूर जेमतेम काही ओळींचा. असल्या गेमसाठी त्यातून काय कळणार? त्यापेक्षा रिव्ह्यूत ‘ट्रान्ससोल’चा किंवा फेज बदलण्याचा नीट उल्लेख आहे का ते शोधा. असेल तर माणूस पुरेसा खेळलाय. मग त्यानं शिव्या घातल्या असल्या तरी त्या वाचण्यासारख्या असतात.

घ्यायचा ठरलाच तर जुना माल तपासून घ्या. डीएसच्या कार्टरिजच्या, म्हणजे गेम असलेल्या छोट्या चिपच्या, नकला सर्रास मिळतात. लेबलवरची छपाई पुसट, अक्षरं वेडीवाकडी असली तर संशय घ्या. पक्की परीक्षा एकच: गेम सुरू करा, सेव्ह करा, यंत्र पूर्ण बंद करा, कार्टरिज काढून परत घाला आणि सेव्ह उघडतो का बघा. नकली कार्टरिज बऱ्याचदा इथंच उघडी पडते. गेम वाचलाच जात नसेल तर तोंडानं फुंकर मारू नका. थुंकीचा ओलावा कार्टरिजच्या धातूच्या पट्ट्यांना गंज आणतो. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, पाच-दहा मिनिटं वाळू द्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कायम दमट, तेव्हा डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

पीएसपी घेताना मागचं बॅटरीचं झाकण नीट बसतं का बघा. बसत नसेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबू नका, टोचू नका, बदलून टाका. ‘पीएसपी गो’त डिस्कची जागाच नसते, त्यामुळे त्यावर यूएमडीचा, म्हणजे पीएसपीच्या गेम-डिस्कचा, उपयोग नाही. हा गेम डीएसचा असो की पीएसपीचा, अमेरिकेतला असो की जपानातला, कुठल्याही देशातल्या त्या-त्या यंत्रावर चालतो. भाषा तेवढी बघून घ्या, कारण हा गेम जपानीत घेऊन अंदाजानं खेळणं अशक्य. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेला डीएस लाइट असेल तर सोबतचा चार्जर आपल्या प्लगात घालू नका. तो 120 व्होल्टचा असतो, आपल्याकडे 230 येतात. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावा किंवा डीएस लाइटची यूएसबी केबल घेऊन साध्या पाच व्होल्टच्या चार्जरवर लावा. पीएसपीचा अॅडॅप्टर 100 ते 240 व्होल्टचा असतो, त्याला फक्त पिनेचा सांधा पुरतो.