सनरूफला कोणतं ग्रीस लावायचं?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गाडीचं सनरूफ अडलं. बंद करायला बटण दाबलं की काच अर्ध्यापर्यंत यायची, कर्रकन आवाज व्हायचा आणि ती आपोआप मागे जायची. मृग तोंडावर आला होता आणि छप्पर मिटत नव्हतं. सर्व्हिस सेंटरमध्ये मोटर बदलायला सांगितली. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली.

त्याआधी मी घरीच एक उपाय केला होता. गंजलेले स्क्रू सोडवायचा स्प्रे होता, तो काच ज्यावरून सरकते त्या रेलमध्ये भरपूर मारला. दोन दिवस काच लोण्यासारखी सरकली आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त अडायला लागली. कारण नंतर समजलं. असा स्प्रे आत उरलेलं ग्रीस सैल करून धुऊन टाकतो, स्वतः बराचसा उडून जातो आणि मागे राहिलेल्या पातळ तेलावर धूळ बसते. आमच्या रस्त्यावर दोन वर्षं बांधकाम चालू आहे, त्यामुळे धुळीला काही तोटा नाही.

शेवटी गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी काच दोनदा चालवून पाहिली. म्हणाले, "ताई, मोटर चांगली आहे. तिला वाटतंय, मध्ये कुणाचा तरी हात अडकलाय." काच मिटताना वाटेत अडथळा आला तर ती मागे जावी, अशी सोय सनरूफमध्ये असते. लहान मुलांची बोटं सापडू नयेत म्हणून ती असायलाच हवी. रेल कोरडी पडली की मोटरला जोर लावावा लागतो आणि यंत्रणा त्यालाच अडथळा समजते.

मग दुकानात गेले, तर समोर तीन डबे ठेवले: बेअरिंगचं ग्रीस, पांढरं लिथियम ग्रीस आणि सिलिकॉन ग्रीस. काकांनी विचारायला लावलेला प्रश्न मला फार उपयोगी पडला: कशावर काय घासतंय? सनरूफमध्ये ॲल्युमिनियमच्या रेलवर प्लॅस्टिकचे सरकते तुकडे फिरतात आणि काचेच्या कडेला रबराचं बीडिंग असतं. बेअरिंगच्या आणि बहुतेक लिथियम ग्रीसचा पाया खनिज तेलाचा असतो. गाड्यांचं बीडिंग बहुधा ज्या ईपीडीएम रबराचं असतं, ते या तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. लिथियम लोखंडावर लोखंड घासतं तिथे उत्तम, दाराच्या बिजागरीला मी तेच लावते. इथे मात्र ग्रीस रबराला लागणारच होतं, म्हणून सिलिकॉन घेतलं. गाडीच्या पुस्तिकेत एखादं विशिष्ट ग्रीस सांगितलं असेल, तर अर्थातच तेच घ्यावं.

खरा वेळ गेला तो साफसफाईत. जुन्या सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रेल पुसली, तर काजळासारखा काळा थर निघाला. बोटांत चोळला की वाळूचे कण टोचत होते. हा थर तसाच ठेवून वर नवं ग्रीस लावलं असतं, तर तो पॉलिश पेपरसारखा रेल घासत राहिला असता. टूथब्रशने कोपरे काढले आणि कडुनिंबाची वाळकी पानं चिमट्याने वेचली. मग दोन्ही रेलना बोटाने अगदी पातळ थर दिला. चकाकी दिसेल इतकाच, गोळे राहता कामा नयेत. काच पाच-सहा वेळा उघडमिट केली आणि कडेला साचलेलं जादा ग्रीस पुसून टाकलं.

बीडिंगला सिलिकॉन स्प्रे, पण तो फडक्यावर मारून मग पुसायचा. थेट फवारला तर छताच्या आतल्या कापडावर डाग पडतात. पुढच्या काचेवर उडाला तर रात्री वायपर चालवताना समोरचे दिवे फिसकटून दिसतात. पुढे रंगकाम करायचं असेल तर तेही सांभाळा, कारण सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर नवा रंग धरत नाही, त्याला खड्डे पडतात.

काच मिटली, मागे फिरली नाही. पण काका म्हणाले, "पाणी जातंय का तेही बघा." सनरूफच्या चौकटीत थोडं पाणी उतरणारच. ते कोपऱ्यांतल्या नळ्यांनी गाडीखाली जातं. प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतलं. पुढच्या दोन्ही बाजूंनी चाकाजवळ धार लागली, मागच्या उजवीकडूनही लागली. डाव्या कोपऱ्यात मात्र पाणी तुंबून राहिलं आणि थेंब-थेंब उतरलं. त्या नळीत जोरात हवा मारू नका, आतला सांधा निसटतो, असं त्यांनी बजावलं आहे. शनिवारी नायलॉनची दोरी घेऊन ती त्यांच्याचकडून मोकळी करून घेणार आहे.